खातं आईचं, पैसा कोणाचा? परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एक सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विम्याचे फॉर्म, आधारवर अंगठा लावून पैसे काढून देणं, अशी सगळी कामं तिथे होतात. केंद्र चालवणारा मुलगा सत्तावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, तंबाखूचंसुद्धा व्यसन नसलेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं दुकानाचं चालू खातं, स्वतःचं बचत खातं आणि आईचं जनधन खातं, अशी तिन्ही खाती एका आठवड्यात गोठली. अंगावर चार लाखांच्या वर देणं. शिवाय दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस. या सगळ्याची सुरुवात हजार-बाराशे रुपयांच्या एका खरेदीने झाली. त्याने इन्स्टाग्रामवर फॉलोअर विकत घेतले होते.

मी बँकेतून निवृत्त झालोय. मुलाची आई माझ्या जुन्या शाखेची खातेदार, त्या ओळखीने प्रकरण माझ्याकडे आलं. घरच्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

या मुलाने प्रत्येक पायरीवर धोका मोजला होता, म्हणून मला हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं वाटतं. तो बेफिकीर नव्हता. दरवेळी त्याने स्वतःला विचारलं, 'जास्तीत जास्त किती जाईल?' आणि दरवेळी उत्तर परवडणारं आलं. फॉलोअरचे हजार गेले तर गेले. पहिल्या डावाचे पाचशे गेले तर गेले. खातं वापरायला देताना तर खिशातून एक रुपयाही जात नव्हता. सगळ्यात महाग पडली ती हीच शेवटची पायरी.

मोंढ्यातलं पेज

त्याचं इन्स्टाग्रामवरचं पेज चांगलं होतं. सकाळी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात जायचं, हर्रासी सुरू झाली की मोबाइल काढायचा, सोयाबीन, तूर, कापूस काय भावाने गेला ते दीड मिनिटात सांगायचं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली सौदे होत होते, तेव्हा लोक त्याचे रील आवर्जून बघायचे. खाली प्रश्न यायचे, 'मानवतला कापूस काय गेला?', 'ओलाव्याचे किती कापले?' चार हजारांच्या आसपास फॉलोअर झाले होते. बहुतेक परभणी, सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर भागातले. हे त्याचं खरं भांडवल होतं.

मग वाढ थांबली. बियाणं-औषधाच्या दुकानदारांकडे जाहिरात मागायला गेला तर ते म्हणायचे, दहा-पंधरा हजार होऊ दे, मग बघू. टेलिग्रामवर फॉलोअर विकणारं एक पॅनल मिळालं. पैसे भरल्यावर दोन दिवसांत आकडा चौदा हजारांवर गेला. नवी खाती परदेशी नावांची, फोटो नसलेली, एकही पोस्ट न टाकलेली. त्यांना सोयाबीनच्या भावाशी काय देणंघेणं? रील टाकला की ती खाती बघत नाहीत, थांबत नाहीत, पुढे पाठवत नाहीत. म्हणून इन्स्टाग्रामही रील कमी लोकांना दाखवतं. आकडा तिपटीहून जास्त झाला आणि बघणारे होते तेवढेसुद्धा राहिले नाहीत. इन्स्टाग्राम अशी खोटी खाती वेळोवेळी काढून टाकतं, तेव्हा आकडा घसरायचा आणि तो पुन्हा विकत घ्यायचा. एका फुकट फॉलोअर देणाऱ्या अ‍ॅपमध्ये तर त्याने पेजचा पासवर्डच भरला. तेव्हापासून त्याच्या पेजवरून न बघितलेल्या पोस्टना लाइक जायला लागले.

पण चौदा हजारांच्या आकड्याने एक काम केलं. बियाणंवाले आले नाहीत, बेटिंगवाले आले. दुकानदार माणूस ओळखून जाहिरात देतो. बेटिंग अ‍ॅपचा दलाल आकडा बघून मेसेज टाकतो, त्यातले दहा हजार खोटे आहेत याची त्याला फिकीर नसते. चार हजार खरे शेतकरी आणि त्यांची पोरं त्याला पुरेशी असतात.

एका स्टोरीचे दोन हजार रुपये. सोबत एक लिंक, त्यात या मुलाचा कोड. लिंकवरून जो येईल तो जितका हरेल त्यातला काही हिस्सा याला. करार याच शब्दांत लिहिलेला नव्हता, 'रेव्हेन्यू शेअर' असा शब्द होता. मी त्याला विचारलं, 'हा रेव्हेन्यू येतो कुठून, याचा विचार केलास का?' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'सर, केला होता. पण वाटलं, आपण नाही टाकलं तर दुसरा कोणी टाकलच.'

विमानाचा खेळ

जाहिरातीचा व्हिडिओ करायला अ‍ॅपवाल्यांनीच त्याला एक खातं दिलं, आत ऐंशी हजार शिल्लक दाखवणारं. त्या खात्यावर तो सहज जिंकत होता. ते दाखवण्यापुरतंच खातं आहे हे त्याला माहीत होतं. तरीसुद्धा हाताला जिंकायची चटक लागली आणि एका रात्री त्याने स्वतःचे पाचशे टाकले.

खेळ असा. पडद्यावर विमान वर चढतं, सोबत आकडा वाढतो, १.२०, १.८०, २.४०. विमान उडून जायच्या आधी उतरलात तर लावलेली रक्कम गुणिले तो आकडा तुमचा. उशीर झाला तर सगळं गेलं. फेरी दहा-वीस सेकंदांत संपते. अशा खेळांचे मूळ निर्माते सांगतात की लावलेल्या पैशांपैकी ९७ टक्के खेळणाऱ्यांकडे परत जातात. नकली अ‍ॅपमध्ये तेवढंही असेल याची कोणी हमी देत नाही, पण आपण ९७ खरेच धरू. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण तीन टक्के कापले जातात ते प्रत्येक डावावर. खिशात दोन हजार असलेला माणूस तेच पैसे फिरवत रात्रभरात साठ हजारांचे डाव लावतो. साठ हजारांचे तीन टक्के म्हणजे अठराशे. सरासरी धरली तरी खिसा जवळजवळ रिकामा झाला.

त्याला यूट्यूबवर एक पद्धत सापडली होती, हरलं की डाव दुप्पट करायची. शंभर हरले की दोनशे, मग चारशे. कधीतरी जिंकणारच आणि जिंकलं की मागचं सगळं भरून वर शंभर सुटणार. वहीत त्याने तक्ता काढला होता. मी त्याच्याच वहीत पुढचं गणित मांडून दाखवलं, ते इथे देतो. दरवेळी आकडा दोनवर उतरायचं ठरवलं तर ९७ टक्क्यांच्या हिशेबाने जिंकण्याची शक्यता ४८.५ टक्के. लागोपाठ सात वेळा हरण्याची शक्यता शंभरात एकाच्या जरा खाली. इथपर्यंत त्यानेही काढलं होतं आणि शंभरात एक म्हणजे नगण्य असं धरलं होतं. पण तो रात्रीत तीनशे फेऱ्या खेळायचा. तीनशे फेऱ्यांत सात हरींचा पट्टा निदान एकदा लागण्याची शक्यता चारात तीन इतकी होते. आणि सात हरींत गेलेले पैसे होतात १२,७००. आठवा डाव १२,८०० चा, तेवढे त्याच्याकडे कधीच नव्हते. पट्टा न लागलेल्या रात्री मात्र चौदा हजारांपर्यंत नफा दिसायचा. अशी एक रात्र आली की पुढचे पंधरा दिवस माणूस पद्धतीवर विश्वास ठेवतो.

बी.कॉम. झालेल्या मुलाला हे गणित अवघड नव्हतं. त्याने एका साखळीची शक्यता काढली, एका रात्रीची काढली नाही. हे कोणाच्याही हातून होतं आणि त्यासाठी मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

याच काळात आयपीएल सुरू होतं. तो टेलिग्रामवरच्या एका टिप देणाऱ्याच्या नादी लागला, कारण त्याच्या पाच टिप लागोपाठ खऱ्या ठरल्या होत्या. ही युक्ती जुनी आहे आणि ती एकदा समजून घेतली की पुन्हा भूल पडत नाही. सोळाशे जणांचे नंबर घ्या. वेगवेगळ्या ग्रुपमधून आठशे जणांना सांगा अमुक संघ जिंकेल, उरलेल्या आठशेंना सांगा दुसरा जिंकेल. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून द्या. पुढच्या सामन्याला चारशे-चारशे, मग दोनशे-दोनशे. पाच सामन्यांनंतर पन्नास जण असे उरतात ज्यांच्या डोळ्यांसमोर पाचही टिप खऱ्या ठरल्या. सहाव्या टिपेचे पैसे मागायचे ते या पन्नासांकडून. क्रिकेटमधलं काहीही कळत नसलं तरी चालतं. आणि चॅनलवरच्या चुकलेल्या टिप तर पुसून टाकता येतात.

विमान कधी उडून जाणार ते आधी सांगणारं 'प्रेडिक्टर' अ‍ॅपही त्याने घेतलं, प्ले स्टोअरवरून नव्हे, टेलिग्रामवर आलेल्या फाइलमधून. त्या अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. खेळाचा अंदाज सांगायला बँकेचे ओटीपी वाचायची गरज काय, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. ज्या मोबाइलमध्ये ते टाकलं, त्याच मोबाइलवर गावातल्या लोकांचे आधारचे व्यवहार चालत होते. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सगळ्यात मोठा धोका हाच होता. त्यातून कोणाचं काही गेलं नाही, हे नशीब.

गल्ल्यातला पैसा

सेवा केंद्राच्या गल्ल्यात जी रोकड असते ती बरीचशी दुकानदाराची नसते. २०२३ च्या खरिपापासून पीक विमा एका रुपयात होता. २०२५ च्या खरिपात ती सोय गेली आणि शेतकऱ्यांना आपला हप्ता भरावा लागला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लोक कागद आणि रोख पैसे देऊन जायचे, हा वॉलेटमध्ये, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खात्यात शिल्लक आली की फॉर्म भरायचा. एका रात्री वॉलेटमधले पैसे अ‍ॅपमध्ये गेले. त्याचा हिशेब असा होता की सकाळपर्यंत परत येतील.

आले नाहीत. मामाकडून नवा प्रिंटर घ्यायचा म्हणून साठ हजार उचलले आणि मुदत संपायच्या आत सगळे फॉर्म भरले. एकही शेतकरी राहिला नाही. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, नद्या शेतात शिरल्या, सोयाबीन उभं सडलं, ते आठवलं की मामाने त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मनात येतं आणि मला घाम फुटतो. स्वतःचे पैसे हरणारा माणूस आणि दुसऱ्याचा विमा हरणारा माणूस यांत एका रात्रीचं अंतर होतं. मामाला खरी गोष्ट नोव्हेंबरात कळली.

कायदा आला तेव्हा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मोठ्या नावाच्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. या मुलाचं अ‍ॅप त्यांतलं नव्हतंच. त्याचा पत्ता परदेशातला. कायद्यानंतर अ‍ॅपवाल्यांनी फक्त वेबसाइटचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं.

बातम्यांत मुलाने एक गोष्ट वाचली आणि तो निर्धास्त झाला: खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ते खरं आहे. पण तो नुसता खेळणारा कुठे होता? याच कायद्यात असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्याला पुन्हा तीन वर्षं आणि एक कोटी. त्याचे रील पेजवर तसेच होते, कोडसकट. त्याच्याही आधी, मार्च २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बेटिंगच्या जाहिरातींबद्दल इशारा दिला होता, त्यात समाजमाध्यमांवरच्या लोकांचाही उल्लेख होता. आणि मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडते ती १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली, हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. मोबाइलवर आला म्हणून जुगार कधीच कायदेशीर झाला नव्हता.

सप्टेंबरअखेर त्याच्या अ‍ॅपमध्ये एक लाख चाळीस हजार शिल्लक दिसत होती आणि ती निघत नव्हती. सपोर्टवाला म्हणायचा, आधी तीस टक्के टॅक्स भरा, मग रक्कम सोडू. इथे त्याने बरोबर ओळखलं. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून तीस टक्के कर कापला जातो, पण तो पैसे देणारा देताना कापून घेतो. जिंकणाऱ्याने तो आधी कंपनीकडे भरायचा, असं कधी नसतं. त्याने नकार दिला. मग समोरून दुसरा मार्ग आला: 'पेमेंट पार्टनर' व्हा. लोकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, आम्ही सांगू तिकडे पाठवायचे. दोन टक्के कमिशन, शिवाय तुमची अडकलेली रक्कम हप्त्याहप्त्याने सुटेल.

अ‍ॅपमध्ये पैसे भरताना कोणाच्या खात्यात जातात ते त्याने महिनोन्‌महिने पाहिलेलं होतं. त्याच्या यूपीआयची यादी आम्ही दोघांनी बसून उघडली. दरवेळी नाव वेगळं. एकदा कुठल्या तरी ट्रेडर्सचं, एकदा एका बाईचं, एकदा मोबाइल दुकानाचं, एकदा विद्यार्थी वाटावा अशा मुलाचं. खेळ एकच, खाती पन्नास. ती सगळी भाड्याची खाती होती, म्हणजे कोणी ना कोणी त्याच्यासारखाच अडकलेला माणूस. यादी खाली सरकवता सरकवता त्याचं बोट थांबलं. आता दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर अशाच यादीत त्याच्या आईचं नाव होतं.

आईचं खातं

स्वतःच्या दोन खात्यांवरची मर्यादा संपली तेव्हा त्याने आईचं खातं घेतलं. तिच्या मोबाइलवर यूपीआय नव्हतं, एटीएम कार्ड मात्र होतं. कार्डाच्या आधारावर त्याने ते चालू केलं आणि तिचं सिम एका जुन्या फोनमध्ये घालून, आलेले मेसेज पुढे पाठवणारं अ‍ॅप त्यात टाकलं. आईला सांगितलं, सिम खराब झालंय. अकरा दिवसांत तिन्ही खात्यांतून मिळून सहा लाख फिरले. कमिशन बारा हजार मिळालं. अडकलेले एक लाख चाळीस हजार शेवटपर्यंत सुटले नाहीत.

ती लाडकी बहीण योजनेचे पंधराशे काढायला गेली तेव्हा शाखेतून सांगितलं, खात्यावर होल्ड आहे, वरून आलाय. ती तशीच माझ्या घरी आली. 'साहेब, म्या कोणाचं काय घेतलं? पंधराशे रुपये यायलेत म्हून गेले होते. सारी बँक मह्याकडं बघायली.' पासबुक तिने भरून आणलं होतं. पानभर नोंदी. १८,००० जमा, चार मिनिटांनी १७,९०० नावे. २५,००० जमा, २४,९०० नावे. ४८,००० जमा, आणि तिथून पुढे काही नाही. वर्षानुवर्षं ज्या खात्यात गॅसची सबसिडी आणि अलीकडचे पंधराशे याशिवाय काही आलं नव्हतं, त्या खात्यात असे व्यवहार. मी टेबलावर असतो तर हे पान बघून माझ्याही कपाळाला आठ्या पडल्या असत्या. आता तर संगणकच ते पकडतो. भाड्याची खाती ओळखायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची प्रणाली केली आहे, डिसेंबर २०२४ मध्ये तिची घोषणा झाली.

ते ४८,००० दुसऱ्या राज्यातल्या एका गृहस्थांचे होते. शेअर बाजारात दुप्पट करून देतो म्हणून त्यांना फसवलं गेलं होतं. त्यांनी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथे तक्रार नोंदली की पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला त्याचा माग काढत बँका रक्कम जागच्या जागी रोखतात. फोन जितका लवकर, तितके पैसे सापडायची शक्यता जास्त. इथे फोन वेळेत झाला म्हणून त्या गृहस्थांचे पैसे या माउलीच्या खात्यात अडकून राहिले. त्या गृहस्थांच्या बाजूने पाहिलं तर यंत्रणेने काम चोख केलं, आणि मला ते मान्य आहे.

मुलाने मात्र तरीही आणखी एक जवळची वाट शोधली. खातं मोकळं करून देतो म्हणणारे लोक इन्स्टाग्रामवर लगेच भेटतात. एकाने पंचवीस हजार मागितले, पोलिसांत ओळख आहे म्हणाला. पैसे पाठवायच्या आत त्याची अक्का पोचली, म्हणून ते वाचले. अक्का ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. तिने त्याचा मोबाइल हातातून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, 'हे पैसे कोणाच्या नावावर पाठवायलास?' यूपीआयवर पुन्हा एका अनोळखी बाईचं नाव होतं.

माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा तो प्रश्न नेमका होता. किती जाईल, हा जुगाराच्या टेबलावरचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नेहमी आवाक्यातलं निघतं, कारण डाव लहान ठेवणं हाच जुगार चालवणाऱ्यांचा धंदा. विचारायचं ते वेगळं असतं. हे कोणाच्या नावावर होतंय? बिघडलं तर माझ्या हाताने मागे फिरवता येईल का? आणि यात असं कोण ओढलं जाईल ज्याला मी विचारलेलंच नाही? फॉलोअर त्याच्या स्वतःच्या नावावर होते, पेज बिघडलं पण बंद करता आलं असतं. डाव त्याच्या पैशाचे होते तोवर थांबता आलं असतं. वॉलेटमध्ये शेतकरी ओढले गेले. खात्यात आई ओढली गेली, आणि बँकेत तिचं नाव एकदा संशयितांत गेलं की ते परत काढणं त्याच्या हातात उरलं नाही. पैशाच्या हिशेबाने सगळ्यात स्वस्त पायरी, आणि मागे फिरायला सगळ्यात अवघड.

नंतर जे केलं ते

पहिलं काम, काहीही पुसायचं नाही. टेलिग्रामची बोलणी, यूपीआयची यादी, अ‍ॅपचे स्क्रीनशॉट, सगळं तारखेनिशी छापून घेतलं. मुलाला वाटत होतं सगळं डिलीट केलं की सुटू. उलट झालं असतं. आपण फसवणारे नाही, वापरले गेलो, हे दाखवायला तेवढाच पुरावा होता. जाहिरातीचे रील मात्र प्रती काढून ठेवल्यावर त्याच दिवशी उतरवले. 'प्रेडिक्टर' असलेला मोबाइल केंद्राच्या कामातून बाद केला, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

तालुक्यातल्या वकिलांकडून नोटिशीला उत्तर गेलं. नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची होती, म्हणजे हजर होऊन जबाब द्या अशी. ती आली म्हणजे अटकच, या समजाने घरात रडारड चालली होती, तो समज आधी दूर करावा लागला. पण हजर न होणं महागात पडतं, हेही सांगितलं. तो आणि अक्का रेल्वेने गेले, जबाब दिला, ज्या नंबरांवरून सूचना यायच्या ते सगळे दिले. आईच्या बाबतीत वेगळा अर्ज केला: खात्याची सूत्रं तिच्या हाती नव्हती, वादातली रक्कम ४८,००० आहे, तेवढीच रोखून ठेवा आणि बाकी खातं मोकळं करा. खातं संहितेच्या कलम १०६ खाली गोठवलेलं असेल तर बँक स्वतःहून सोडू शकत नाही, तपास अधिकाऱ्याचं पत्र किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. पत्र यायला वेळ गेला, पण आलं. आईचे पंधराशे आता निघतात. मुलाची दोन्ही खाती अजून बंद आहेत.

दुसरं काम अक्काने केलं. तिने त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. घरातल्यांना हे पटायला जड गेलं. बाप म्हणाला, 'त्याला वेड लागलंय का? अक्कल नाही, एवढंच हाय.' डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जुगार थांबवता न येणं हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे, दारूच्या व्यसनासारखाच, आणि त्याला उपचार आहेत. रात्री दहानंतर हात मोबाइलकडे जायचा तेव्हा तो १४४१६ ला, टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करायचा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा मीच त्याला फोन लावून दिला. बापाचं मत अजून तेच आहे, पण दवाखान्याला जायच्या दिवशी दुकानात तोच बसतो.

अजून न सुटलेलं

मामाचे साठ हजार फेडायची हप्तेबंदी ठरली. बाकी देणंही कागदावर मांडलंय. अडकून पडलंय ते वेगळंच.

त्याच्या कोडवरून किती जण त्या अ‍ॅपवर गेले, हे अ‍ॅपच्या पॅनलवर दिसत होतं: एकतीस. त्यांतल्या सात-आठ जणांना तो नावानिशी ओळखतो, मोंढ्यात हमाली करणाऱ्याचा मुलगा, एक पंक्चरवाला, कॉलेजची दोन पोरं. पेजवर त्याने व्हिडिओ टाकला, स्वतःचा चेहरा दाखवून, की ते अ‍ॅप मी पैसे घेऊन दाखवत होतो, दाखवलेली शिल्लक खोटी होती, कोणी अजून खेळत असेल तर थांबा. फॉलोअर कमी झाले. खालच्या कमेंटमध्ये शिव्या आहेत, आणि त्या त्याने पुसल्या नाहीत.

अक्काचं म्हणणं, कमिशन आणि स्टोऱ्यांचे मिळालेले पैसे या ओळखीच्या सात-आठ जणांना वाटून द्यावेत. वकील म्हणतात, तपास चालू असताना असं केलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, शिवाय ते पैसे उद्या तपासात जप्त होऊ शकतात. दोघांचंही खरं आहे. माझं मत अक्काच्या बाजूचं आहे, पण ते पैसे आज हातात द्यायचे नाहीत. तेवढी रक्कम वेगळी काढून अक्काच्या नावाने पोस्टात ठेवावी, आणि त्या प्रत्येक पोराला भेटून किती गेले ते त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्यावं. पंक्चरवाल्याने लिहून दिलं, नऊ हजार दोनशे. हमालाच्या मुलाने दार उघडलं नाही. त्याच्याकडे पुन्हा जायचंय, या वेळी मुलासोबत मीही जाणार आहे.